हृदयाचं यंत्र बसवताना: रुग्णाला आणि घरच्यांना काय ठाऊक हवं

‘छातीत मशीन बसवलंय’, एवढ्याच माहितीवर कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षं काढतात. मशीन कोणतं, कशासाठी आणि कधी बसवलं, हे ना त्यांना सांगता येतं, ना सोबत आलेल्या मुलाला. फाईल गावी असते आणि कंपनीचं कार्ड कपाटात. एरवी त्यावाचून काही अडत नाही. अडतं ते मध्यरात्री चक्कर येऊन पडल्यावर, दुसऱ्याच आजाराच्या ऑपरेशनच्या वेळी किंवा एमआरआयच्या खोलीच्या दाराशी. अशा वेळी समोरच्या डॉक्टरांना जे पहिल्या दोन मिनिटांत कळायला हवं, ते शोधण्यात तास जातो.

हृदयाची लय सांभाळणारी यंत्रं आज अतिशय भरवशाची झाली आहेत. पण यंत्र छातीत असून भागत नाही, त्याची माहिती घरात असावी लागते. ती असली की धोका कमी होतोच, शिवाय निष्कारण भीतीही जाते. ‘आता जपून राहा, काही करू नका’ या सल्ल्याने अनेकांचं चालणं-फिरणं, शेतावर जाणं, नातवंडांना उचलणं बंद पडतं. त्यातल्या बहुतेक बंधनांची गरजच नसते.

यंत्रं चार, कामं वेगळी

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो. तो विजेचे सूक्ष्म संदेश सोडतो, ते ठरलेल्या वाटेने खालच्या कप्प्यांपर्यंत जातात आणि हृदय आकुंचन पावतं. विश्रांतीच्या वेळी हे मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा घडतं. बिघाड या पुंजक्यात होतो, संदेशाच्या वाटेत होतो, किंवा भलत्याच जागेहून भलत्या वेगाने संदेश सुटू लागतात. कोणता बिघाड आहे, त्यावर कोणतं यंत्र हे ठरतं.

पेसमेकर हा मंद हृदयासाठी असतो. तो सतत लक्ष ठेवतो आणि ठरवलेल्या वेळेत ठोका पडला नाही तरच संदेश देतो. गरजेनुसार त्याला एक किंवा दोन तारा असतात. या तारांना डॉक्टर ‘लीड’ म्हणतात. काही रुग्णांना बिनतारी पेसमेकर बसवता येतो. सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, दोन ग्रॅम वजनाची ही कुपी जांघेतल्या शिरेतून थेट हृदयात नेऊन बसवतात. तिथे छातीवर फुगवटाही नसतो आणि टाकेही नसतात.

आयसीडी हा जीवघेण्या वेगाने धावणाऱ्या हृदयासाठी असतो. खालच्या कप्प्यांची लय बेफाम झाली तर काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो. आयसीडी ती लय ओळखतो, आधी बहुधा न दुखणाऱ्या जलद संदेशांनी तिला आवर घालू पाहतो आणि तेवढ्याने भागलं नाही तर शॉक देतो. बहुतेक आयसीडी गरज पडल्यास पेसमेकरचंही काम करतात. तार हृदयात न नेता डाव्या कुशीत त्वचेखाली बसवायचाही एक प्रकार आहे, पण तो नेहमीच्या पेसमेकरची जागा घेऊ शकत नाही.

सीआरटी हा दुर्बळ हृदयासाठी असतो. हृदयाचा डावा आणि उजवा भाग मागेपुढे आकुंचन पावत असेल तर ताकद वाया जाते. सीआरटी दोन्ही बाजूंना एकाच वेळी चालना देतो. तो साधा किंवा शॉक देणारा, असा दोन्ही प्रकारांत मिळतो.

लूप रेकॉर्डर उपचार करत नाही, फक्त नोंद ठेवतो. महिन्यांनी एकदा येणाऱ्या आणि ईसीजीत न सापडणाऱ्या चक्करेचं कारण शोधायला तो त्वचेखाली बसवतात.

बाहेरून पाहिलं तर पेसमेकर आणि आयसीडी दोन्हींचा फुगवटा सारखाच दिसतो, आणि घरात दोन्हींना ‘पेसमेकर’च म्हटलं जातं. पण शॉक, लोहचुंबक, शस्त्रक्रिया, गाडी चालवणं या सगळ्यांचे नियम दोन्हींसाठी वेगळे आहेत. म्हणून आपलं यंत्र यांपैकी कोणतं, ही पहिली गोष्ट पाठ हवी.

हो म्हणण्याआधी

पहिला पूर्ण पेसमेकर शरीरात बसवला गेला तो ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात. अर्ने लार्सन या रुग्णाला दिवसातून अनेकदा झटके येऊन शुद्ध जात असे. त्याची पत्नी एल्स-मारी हिने शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांचा पिच्छा पुरवला, तेव्हा बूट पॉलिशच्या डबीचा साचा करून ओतलेलं ते यंत्र तयार झालं. ते काही तासच चाललं. पण लार्सन पुढे २६ पेसमेकर वापरून २००१ सालापर्यंत जगला. आयसीडी त्यानंतर आला. मिशेल मिरोव्स्की यांनी दशकभर खपून घडवलेलं हे यंत्र फेब्रुवारी १९८० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवण्यात आलं. या दोन्ही यंत्रांनी आजवर असंख्य जीव वाचवले आहेत. म्हणून खरी गरज असेल तेव्हा मागेपुढे पाहू नये. मात्र गरज खरी आहे ना, याची खात्री करून घेण्याचा हक्क तुमचा आहे. त्यासाठी हे प्रश्न विचारा.

*मंद ठोक्यांचं कारण तात्पुरतं तर नाही ना?* रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या, रक्तात वाढलेलं पोटॅशियम, कमी झालेलं थायरॉइड, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका यांमुळे ठोके मंदावू शकतात. आपल्याकडे अंगणोअंगणी दिसणाऱ्या पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या बिया पोटात गेल्यावरही हृदयाचे संदेश अडतात. अशा वेळी तात्पुरता पेसमेकर आणि मूळ कारणावरचा उपचार पुरेसा ठरू शकतो.

*लक्षणं आणि ईसीजी यांचा मेळ बसला आहे का?* रोज धावणाऱ्याची किंवा गाढ झोपलेल्याची नाडी ५० च्या खाली असणं हा आजार नव्हे. चक्कर आली त्याच वेळी ठोके मंद होते, असं ईसीजीत किंवा २४ तासांच्या होल्टर तपासणीत दिसलं तर निर्णय सोपा होतो. वरच्या-खालच्या कप्प्यांमधला संदेश पूर्णच तुटला असेल तर मात्र लक्षणांची वाट पाहायची नसते.

*आयसीडी असेल तर, तो कोणत्या आधारावर सुचवला आहे?* जीवघेणी लय एकदा येऊन गेलेली असेल आणि तिला दुरुस्त होण्याजोगं तात्पुरतं कारण सापडलं नसेल, तर कारण उघड आहे. आधी काही झालेलं नसताना सुचवला असेल तर टूडी इकोमधला ईएफ, म्हणजे हृदयाची पंप करण्याची क्षमता, बहुधा ३५ टक्के किंवा त्याहून कमी असते. पण हा आकडा योग्य औषधं किमान तीन महिने घेतल्यावरचा हवा, आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर त्यानंतर साधारण ४० दिवस जायला हवेत. औषधांनी ईएफ वर आला तर यंत्राची गरज उरतही नाही. काही आनुवंशिक आजारांत ईएफ चांगला असूनही आयसीडी लागतो. तशा रुग्णाच्या भावंडांची आणि मुलांची तपासणी व्हायला हवी.

*यंत्र एमआरआयला चालणारं आहे का?* उतारवयात कंबर, मणका किंवा मेंदूसाठी एमआरआय लागण्याचा संभव मोठा असतो. यंत्र आणि लीड दोन्ही एमआरआयला चालणारी हवीत, नुसतं यंत्र नव्हे.

*लीड नेमकी कुठे बसवणार?* उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी ती बसवण्याची पद्धत जुनी आहे. पण वर्षानुवर्षं तिथूनच चालना मिळत राहिली तर काहींचं हृदय दुबळं होतं. अमेरिकेत डॉ. प्रमोद देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हृदयाच्या नैसर्गिक वाहिनीतूनच कायमची चालना देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज तिची सुधारित रूपं आपल्याकडच्या केंद्रांतही वापरली जातात. प्रत्येकाला ती लागतेच असं नाही, पण पेसमेकर बहुतेक वेळ चालू राहणार असेल तर विचारून ठेवावं.

खर्चाचं बोलायला संकोच नको. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारत योजनेत पेसमेकर बसवण्याचा समावेश आहे. संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेच्या आधीच भेटा आणि तुमच्या आजारासाठी कोणतं यंत्र योजनेत बसतं ते स्पष्ट विचारा. खासगी विम्यातही पूर्वपरवानगी आधी घ्यावी. वॉरंटीत फक्त यंत्र आहे की लीडही, हे लेखी मागून घ्या.

शस्त्रक्रिया आणि पहिले सहा आठवडे

छाती उघडावी लागत नाही. बहुतेकदा जागा बधिर करून, कॉलर बोनखाली लहानसा छेद घेऊन लीड शिरेतून हृदयात सरकवतात आणि यंत्र त्वचेखाली कप्पा करून ठेवतात. साध्या पेसमेकरला तास-दीड तास लागतो, सीआरटीला जास्त. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या बंद करायच्या की तशाच ठेवायच्या, हे डॉक्टर सांगतील. स्वतःच्या मनाने थांबवू नका.

लीड हृदयात घट्ट रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्या बाजूचा कोपर खांद्याच्या वर नेऊ नये आणि जड उचलू नये. हंडा, गॅस सिलेंडर, लाकूड फोडणं, विहिरीचं पाणी शेंदणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं हे सगळं थांबवा. मात्र हात गळ्यात बांधून ठेवणं ही उलट टोकाची चूक आहे. त्याने खांदा आखडतो. जेवण, कपडे घालणं, केस विंचरताना मान खाली करून हात वापरणं, अशा हालचाली पहिल्या दिवसांपासून चालू ठेवा.

जखम सांगितलेल्या दिवसापर्यंत कोरडी ठेवा. तिच्यावर हळद, लेप, राख असं काहीही नको. फुगवटा बोटांनी चाचपत, फिरवत राहण्याची सवय लावून घेऊ नका, त्याने लीड पिळली जाऊन सरकते.

एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी आहे. यंत्राची जागा लाल झाली, सुजली, गरम लागली, तिथून पाणी आलं किंवा ताप आला, तर यंत्र बसवणाऱ्या डॉक्टरांकडेच जा. तिथे सुई टोचून पाणी काढू देऊ नका. सुईने आतल्या स्वच्छ कप्प्यात जंतू जातात. जंतुसंसर्ग एकदा यंत्रापर्यंत पोहोचला की नुसत्या अँटिबायोटिकने तो बरा होत नाही, बहुधा यंत्र आणि लीड दोन्ही काढावी लागतात. त्वचा पातळ होऊन यंत्र दिसू लागलं असेल तर तेही दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका.

पुन्हा चक्कर येऊ लागली, न थांबणारी उचकी लागली, पोटाचा स्नायू तालात उडू लागला, किंवा त्या बाजूचा हात सुजला, तरी लगेच कळवा. लीड सरकल्याची किंवा शिरेत गाठ झाल्याची ती खूण असू शकते.

घरात, शेतावर, बाहेर

टीव्ही, फ्रीज, मिक्सर, मायक्रोवेव्ह, गीझर यांची भीती नको, फक्त चालू मोटर छातीशी धरू नये. इंडक्शनच्या शेगडीपासून मात्र छाती दोन फूट, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर दूर ठेवा. मोबाइल जरूर वापरा, पण शर्टाच्या खिशात ठेवू नका. यंत्रापासून १५ सेंटिमीटर अंतर राखा आणि पलीकडच्या कानाला लावा. काही नव्या फोनच्या पाठीत आणि वायरलेस चार्जरमध्ये लोहचुंबक असतो. असा फोन चार्ज होताना अंतर दुप्पट ठेवा. ब्लाउजमध्ये फोन ठेवण्याची सवय असलेल्या बायकांना हे आवर्जून सांगावं लागतं.

लोहचुंबकाच्या गाद्या, पट्टे, माळा वापरू नका. विजेचा सौम्य प्रवाह अंगातून नेऊन चरबी मोजणारे वजनकाटेही नकोत. मिरवणुकीतल्या मोठ्या स्पीकरच्या भिंतीला टेकून उभं राहू नका, लांबून पाहायला हरकत नाही. मॉल, विमानतळ, मोठी देवस्थानं इथल्या दारासारख्या मेटल डिटेक्टरमधून नेहमीच्या चालीने निघून जा, तिथे रेंगाळू नका. हातातलं डिटेक्टर छातीवर धरून ठेवू नका, असं कार्ड दाखवून सांगा.

शेतकरी वाचकांसाठी थोडं अधिक. ट्रॅक्टर किंवा जनरेटर चालू असताना इंजिनावर वाकू नका. जनावरांसाठी लावलेल्या झटका कुंपणापासून लांब राहा. वेल्डिंग करायचं असेल तर आधी विचारा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे घरातलं अर्थिंग तपासून घ्या. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, न्हाणीघरातला नळ यांतून गळणारा थोडासा प्रवाह एरवी हाताला झिणझिण्या आणतो. आयसीडी मात्र त्याला हृदयाची बेफाम लय समजून विनाकारण शॉक देऊ शकतो. जाणकार वायरमनला बोलावून अर्थिंग नीट करून घेणं हे इथे औषधाइतकंच गरजेचं आहे.

सहा आठवड्यांनंतर चालणं, पोहणं, योगासनं, शेतीची कामं, लैंगिक संबंध हे सगळं डॉक्टरांना विचारून सुरू करता येतं. कारचा सीटबेल्ट लावायचाच, बोचत असेल तर खाली मऊ घडी ठेवा. गाडी चालवण्याबाबत मात्र शिस्त हवी. आयसीडीचा शॉक बसला किंवा शुद्ध गेली असेल तर डॉक्टर सांगतील तितके महिने गाडी बंद, दुचाकी आणि ट्रॅक्टरही. आयसीडी असलेल्याने बस किंवा ट्रक चालवण्याचा व्यवसाय करू नये, असाच सर्वसाधारण सल्ला असतो. डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्टियन एरिक्सन जून २०२१ मध्ये सामना चालू असताना हृदय थांबून कोसळला. मैदानावरच्या सीपीआर आणि शॉकमुळे तो वाचला, आयसीडी बसवला गेला आणि पुढच्याच वर्षी तो पुन्हा व्यावसायिक सामने खेळू लागला. प्रत्येकाला इतकी मुभा मिळेल असं नाही, पण यंत्र म्हणजे निवृत्ती नव्हे, एवढं यातून नक्की घ्यावं.

शॉक बसला तर

आयसीडीचा शॉक छातीत घोड्याने लाथ मारल्यासारखा जोरात बसतो. कुठे असाल तिथे खाली बसा किंवा आडवे व्हा. त्या वेळी कोणी तुम्हाला स्पर्श केलेला असेल तर त्याला फार तर झिणझिणी जाणवेल, इजा होणार नाही.

एकच शॉक बसला आणि नंतर बरं वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. २४ तासांत दोन किंवा अधिक शॉक बसले, किंवा एकानंतरही छातीत दुखणं, धाप, घेरी राहिली, तर १०८ वर फोन करा आणि लगेच रुग्णालय गाठा. रुग्ण बेशुद्ध असेल आणि श्वास नसेल तर यंत्र आहे म्हणून हात आखडू नका. छाती दाबण्याचा सीपीआर नेहमीसारखाच करा. बाहेरून शॉक देणाऱ्या यंत्राचं पॅड फुगवट्यावर न लावता किमान आठ सेंटिमीटर दूर लावावं.

शॉकनंतर मनात भीती घर करते. झोप उडते, एकटं बाहेर पडवत नाही. हे अनेकांना होतं आणि त्यावर उपचार आहेत. यंत्राचं प्रोग्रॅमिंग बदलूनही अनावश्यक शॉक कमी करता येतात. म्हणून हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

दुसऱ्या उपचारांच्या वेळी

एक्स-रे, सीटी स्कॅन, सोनोग्राफी, दातांची साधी कामं यांना अडचण नसते, फक्त यंत्र असल्याचं सांगावं. शस्त्रक्रियेतलं विजेचं कॉटरी, मूतखडा फोडणाऱ्या लहरी, कर्करोगाची रेडिएशन, फिजिओथेरपीतला डायथर्मीचा शेक आणि विजेचे झटके यांआधी मात्र हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायलाच हवा. डायथर्मी बहुधा टाळतातच. एमआरआयच्या आधी यंत्र त्यासाठी ठरलेल्या मोडवर टाकावं लागतं आणि नंतर पूर्ववत करावं लागतं.

लोहचुंबक ठेवला की पेसमेकर सहसा ठरावीक वेगाने चालू राहतो. आयसीडीचे शॉक मात्र त्याने बंद होतात. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर याचा उपयोग करतात, आणि यंत्र कोणतं हे माहीत नसेल तर इथेच घोटाळा होतो.

हेही ध्यानात ठेवा की यंत्र फक्त लय पाहतं. रक्तवाहिन्यांतले अडथळे, रक्तदाब, मधुमेह यांवर त्याचा इलाज चालत नाही. एट्रियल फिब्रिलेशनसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही यंत्र बसल्याने थांबवायची नसते.

बॅटरी आणि तपासणी

पेसमेकरची बॅटरी साधारण ७ ते १२ वर्षं आणि आयसीडीची त्याहून थोडी कमी चालते. ती बाहेरून चार्ज होत नाही. ती संपत आली की जुन्या कप्प्यातलं यंत्र बदलतात, लीड चांगल्या असतील तर त्याच राहतात. बॅटरी अचानक बंद पडत नाही, बदलण्याची खूण काही महिने आधी मिळते. पण ती खूण तपासणीतच दिसते. त्यामुळे बरं वाटतंय म्हणून तपासणी चुकवू नका. पेसमेकरसाठी वर्षातून एक-दोनदा आणि आयसीडीसाठी तीन ते सहा महिन्यांनी जावं. प्रोग्रॅमर नावाचं उपकरण छातीजवळ धरून काही मिनिटांत, न दुखता सारी माहिती वाचता येते. काही यंत्रं ती घरूनच रुग्णालयाला पाठवतात. दूरच्या गावच्या रुग्णांनी ही सोय जरूर विचारावी.

अखेरच्या दिवसांबद्दल

हा विषय घरात निघत नाही, पण तो निघायला हवा. कर्करोग किंवा दुसऱ्या असाध्य आजारात अखेर जवळ आली असेल, तर आयसीडी शेवटच्या तासांतही शॉक देत राहू शकतो. प्रोग्रॅमरने फक्त शॉक बंद करता येतात, शस्त्रक्रिया लागत नाही, आणि त्याने मृत्यू लवकर येत नाही. रुग्ण बोलू शकत असताना त्याची इच्छा विचारून हा निर्णय घेणं ही मायेचीच गोष्ट आहे.

दहनापूर्वी यंत्र काढून घेणं आवश्यक आहे. सरण असो की विद्युत किंवा गॅस दाहिनी, तापलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन जवळच्यांना इजा होऊ शकते. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर तिथेच काढून मागा. घरी झाला असेल तर कुटुंबाच्या डॉक्टरांना बोलवा. काम काही मिनिटांचं असतं. आयसीडी असेल तर कापण्याआधी तो बंद करून घ्यावा लागतो, नाहीतर काढणाऱ्याला शॉक बसू शकतो. दफन होणार असेल तर यंत्र काढण्याची सहसा गरज नसते.

आजच करून ठेवा

एक कागद घ्या आणि त्यावर मराठीत व इंग्रजीत लिहा: यंत्राचा प्रकार, कंपनी आणि मॉडेल, बसवल्याची तारीख, बसवण्याचं कारण, पेसमेकरचा ठरवलेला किमान वेग, एमआरआयला चालतो की नाही, चालू औषधं, रुग्णालयाचा आणि डॉक्टरांचा फोन. किमान वेग लिहायचा, कारण नाडी सलग त्याच्या खाली भरत असेल तर ती घरच्यांनाही धोक्याची खूण म्हणून ओळखता येते. कंपनीचं कार्ड पाकिटात ठेवा. कार्डाचा आणि या कागदाचा फोटो घरातल्या निदान दोघांच्या फोनमध्ये असू द्या, त्यातला एक घरी राहणारा हवा. पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर मांडा. कार्ड हरवलं असेल तर जिथे यंत्र बसवलं तिथे अर्ज करून नोंद मागा, किंवा पुढच्या तपासणीत प्रोग्रॅमरवरून मॉडेल लिहून घ्या. आणि हे सारं रुग्णासोबत बसून वाचा, त्याच्या पाठीमागे नको. यंत्र त्याच्या छातीत आहे, तेव्हा त्याची माहिती सगळ्यात आधी त्यालाच हवी.